आरशातली भाषा

थोरल्यानं सकाळी दुकानाचं शटर वर ढकलता ढकलताच सांगून टाकलं, "हे बघ, महिनाअखेरपर्यंत बघीन. एक तर तो मोबाईल घरी ठेवून यायचं, नाहीतर खुर्ची उचलायची आणि चालू पडायचं. दोन्ही इथं चालायचं नाही."

धाकटा नळाखाली ब्रश धूत होता. मान वर न करता म्हणाला, "महिनाअखेर कशाला? आजच सांग की."

"आज गर्दी आहे," थोरला म्हणाला आणि कात्र्या मांडायला लागला.

हे दोघे सख्खे भाऊ. केस कापायचं दुकान एक, खुर्च्या दोन. दुकान बापाचं, बापामागं थोरल्याच्या नावावर झालेलं. थोरल्याची खुर्ची बापाच्या वेळची, लाकडी. दुसरी लाकडी खुर्ची एका अगडबंब कंत्राटदाराच्या खाली मोडली, तेव्हा धाकट्यानं पदरचे पैसे घालून नवी आणली. पायानं दाबलं की वर जाणारी, दांडी ओढली की मागं झोपणारी. म्हणून आमच्या गल्लीत भिंती थोरल्याच्या आणि खुर्ची धाकट्याची, हा हिशेब सगळ्यांना पाठ होता.

स्वभाव म्हणाल तर थोरला मुका. त्याच्या हाताखाली माणूस झोपून जायचा. धाकट्याचं तोंड मात्र कात्रीच्या आधी सुरू व्हायचं आणि कात्री थांबल्यावरही बराच वेळ चालू राहायचं. आम्ही गिऱ्हाईकं आपापल्या सोयीनं खुर्ची निवडायचो. घरी भांडण झालेला थोरल्याकडं बसायचा, भांडण करून जिंकलेला धाकट्याकडं.

आता या धाकट्याला परदेशी भाषा शिकायचं खूळ लागलं होतं. चोरून नाही, सुट्टीच्या दिवशी नाही, ऐन धंद्यात. तुमच्या गालाला साबण फासून वस्तरा उघडायचा आणि मागून मोबाईल बोलायला लागला की त्याच्याबरोबर हाही घशाच्या तळातून काहीतरी खरवडून काढायचा. पोस्टातल्या कारकुनानं एकदा खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून थोरल्याला विचारलं होतं, "याला झटका तर आला नाही ना?"

खूळ कसं लागलं तेही सांगतो. धाकट्यानं ऑनलाईन एक परदेशी कात्री मागवली. तिला धार कशी लावायची ते बघायला म्हणून तिकडच्या एका न्हाव्याचा व्हिडिओ लावला. तो न्हावी धार लावता लावता काहीतरी बोलला आणि त्याच्या खुर्चीतला माणूस असा हसला, असा हसला, की अंगावरचं कापड सुटून खाली पडलं. धाकट्यानं व्हिडिओ मागं नेऊन परत बघितला. परत बघितला. माणूस दर वेळी तेवढाच हसत होता आणि याला काही कळत नव्हतं.

"न्हाव्याच्या दुकानात विनोद झाला आणि मला कळला नाही," तो आम्हाला सांगायचा, जणू कुणी त्याचा खिसा कापला होता. "असं आजवर झालेलं नाही."

झालं. त्या दिवसापासून भाषा सुरू.

जो तो विचारायचा, "काय उपयोग?" धाकटा प्रत्येकाला वेगळं तोडायचा. बँकेतल्या साहेबांना म्हणाला, "तुम्ही रोज दाढी करता, त्याचा काय उपयोग? उद्या परत येतेच ना?" शाळेतल्या बाईंचे यजमान म्हणाले, "या वयात जीभ वळत नाही रे." तर म्हणाला, "माझी जीभ वळते का नाही ते तुमच्या सासूबाईंना विचारा, त्यांची माझी ओळख आहे." मोबाईलमधलं ते शिकवायचं अ‍ॅप एखादा दिवस चुकला की रडवेलं तोंड करून टोमणे मारायचं. त्याची बायको म्हणायची, "मी इतकी वर्षं रुसते, त्याचं काही नाही. ही रुसली की लगेच धावता."

बोलायच्या सरावाला आधी त्यानं मोबाईलमधलंच बोलणारं यंत्र वापरून बघितलं. आपण बोलायचं, त्यानं उत्तर द्यायचं. पण ते यंत्र प्रत्येक वाक्याला 'वा, छान प्रयत्न!' म्हणायचं. धाकट्यानं एकदा मुद्दाम कुत्र्यासारखं भुंकून बघितलं, तरी छान प्रयत्न. चिडला. "गिऱ्हाइकाचा कान कापला तरी हे छानच म्हणेल. मला शिव्या घालणारं माणूस पाहिजे."

ते माणूस त्याला मिळालं. भाषांची अदलाबदल करायची एक जागा असते इंटरनेटवर, तिथं तिकडची एक बाई भेटली. तीही केस कापणारी. वयानं मोठी, आवाज फाटका, दुकानात गिऱ्हाईक बेताचं. ती त्याला तिची भाषा शिकवणार आणि हा तिला आपली. दोघांनी कामाच्या वेळीच फोन चालू ठेवायचा असं ठरलं. तिकडून ती खेकसायची, "परत म्हण! तोंडात बटाटा आहे का?" आणि हा इकडे एखाद्याच्या मानेवर मशीन फिरवत परत म्हणायचा. बदल्यात तिला आमच्या गल्लीतलं सगळं मिळालं. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचं पाणी कुणाच्या दारात जातं, सगळं. ती थोड्याच दिवसांत आपल्या भाषेत "अगं बाई, खरं की काय?" असं इतकं झकास म्हणायला लागली की आम्ही मुद्दाम बातम्या घेऊन जायचो.

आता दुकानाची रचना सांगायला हवी. समोर आरसा, भिंतभर. चार्जिंगचं बटण मात्र मागच्या भिंतीला, तिथंच एक फळी. मोबाईल म्हातारा, वायर काढली की मान टाकायचा. म्हणून तो कायम मागच्या फळीवर उभा. धाकटा गिऱ्हाइकाच्या डोक्याशी उभा राहून समोर आरशात बघायचा आणि आरशात त्याला मागचा मोबाईल दिसायचा. धडे आरशात, चित्रं आरशात, अक्षरंही आरशात. त्या बाईला तिकडे याची नुसती पाठ दिसायची, तोंड आरशात लांबवर, ठिपक्याएवढं. तिनं एकदा सांगितलं, "तुझी पाठ फार प्रामाणिक आहे." धाकटा दोन दिवस ताठ चालत होता.

अशी भाषा वाढत गेली आणि शेवटी एक दिवस तो कात्रीवाला व्हिडिओ त्यानं परत लावला. वस्तरा बंद केला, गिऱ्हाइकाला थांबवलं, ऐकलं. विनोद कळला. विनोद असा होता की त्या माणसाच्या सासऱ्यापेक्षा सासूच्या मिशीला जास्त वेळ लागतो.

"एवढंच?" आम्ही म्हणालो.

"एवढंच," धाकटा म्हणाला. "भिकार आहे. पण कळला."

आम्हाला वाटलं, आता सुटला. सुटला कसला! शिकलेलं टिकवायचं तर रोज घासावं लागतं म्हणे. तिकडचा रेडिओ लावायला लागला. तिकडे कुठं धुकं आहे, कुठल्या पुलावर काम चाललंय, कांदा काय भावानं गेला, सगळं आम्हाला दाढी करता करता ऐकू यायला लागलं. गल्लीनं त्याचं नाव 'पोपट' पाडलं. आणि थोरल्याच्या डोक्यात तिडीक जायला लागली, कारण काही गिऱ्हाईकं खरोखरच पुढच्या चौकातल्या दुकानात जायला लागली होती. म्हणून त्यानं महिनाअखेरची मुदत दिली.

महिनाअखेर आली. दुकानात दोन्ही खुर्च्या भरलेल्या, बाकावर आम्ही तिघे. थोरल्याची कात्री जरा जास्तच वाजत होती. तेवढ्यात दारात समोरची फळवाली उभी. तिच्या मागं एक परदेशी जोडपं, पाठीवर ही एवढाली ओझी, तोंडं उन्हानं टोमॅटोसारखी.

"अहो पोपटदादा!" फळवाली ओरडली. "ही तुमचीच माणसं दिसतायत! मी खुणा करून करून दमले. विचारा की काय पाहिजे!"

त्या दोघांनी काहीतरी विचारलं. आणि आम्ही बघितलं, धाकट्याचं तोंड उजळलं. तीच भाषा! जगात इतक्या भाषा आहेत, पण आमच्या दारात आली ती नेमकी याच्या मोबाईलमधली. त्यांना बसस्टँडवर जायचं होतं, गाडी सुटायला थोडाच वेळ होता. बाकावरच्या एकानं लगेच हात करून दाखवायला सुरुवात केली, तसा धाकटा कडाडला, "हात खाली घ्या! हातवारे कशाला? येते ना मला भाषा."

त्याच्या एका हातात वस्तरा, दुसऱ्या हाताच्या बोटांवर साबण. दोन्ही हात जागच्या जागी ठेवून, नुसत्या तोंडानं, त्यानं रस्ता सांगितला. इकडं वळा, मग तिकडं, मग पाण्याच्या टाकीवरून परत इकडं. एकदाही अडखळला नाही. त्या बाईनं छातीवर हात ठेवून आभार मानले आणि दोघं पळतच निघाली.

धाकट्यानं थोरल्याकडं बघितलं. थोरल्यानं घसा खाकरला आणि सगळ्यांना चहा सांगितला. स्वतःहून. जो माणूस बापाच्या बारशाला असता तर तिथंही हात आखडता घेतला असता, त्यानं चहा सांगितला. आम्ही म्हटलं, मिटलं. मुदतही मिटली आणि वादही.

चहाचे पेले परत गेले आणि बऱ्याच वेळानं ते जोडपं दारात. घामानं थबथबलेलं, बाईच्या पायात एकच चप्पल, दुसरी हातात. पाठीमागं निम्मी गल्ली. गाडी गेली होती. धाकट्यानं त्यांना बरोब्बर उलट पाठवलं होतं. बसस्टँड सोडून ती दोघं पार वीटभट्टीपर्यंत जाऊन आली होती.

बाईनं तोंड सोडलं. काय बोलत होती ते आम्हाला कळत नव्हतं, पण कळत होतं. धाकटा आधी मान खाली घालून ऐकत राहिला, माफी मागत राहिला. मग तो पुरुष काहीतरी म्हणाला. हळू आवाजात, ओठ मुडपून, चारच शब्द. आणि धाकट्यानं वस्तरा फळीवर आपटला.

पुढचं भांडण आमच्या गल्लीत आजवर झालेल्या भांडणांत पहिल्या नंबरचं. धाकटा त्यांच्या भाषेत भांडत होता! बोटं नाचवत, मध्येच त्यांचं बोलणं तोडत, दम न घेता. तो माणूस एक बोलला की हा तीन बोलत होता. मागच्या फळीवरून मोबाईलमधली बाईही ओरडायला लागली. ती कुणाच्या बाजूनं होती कोण जाणे, पण जोरात होती.

"काय म्हणाला तो?" आम्ही मध्येच विचारलं.

"म्हणतो, आमच्या भाषेशी खेळू नकोस," धाकटा धापा टाकत म्हणाला. "मी सांगितलं, चूक माझी आहे, भाषा चांगली आहे. चुकीबद्दल शिव्या घाल, चार जास्त घाल. भाषेबद्दल बोलायचं काम नाही. ती मी मेहनतीनं घेतलीय, तुला तर फुकट मिळाली."

मग जोडप्यातल्या बाईनं वैतागून आपला डावा हात वर केला, शब्द म्हणाली. उजवा वर केला, शब्द म्हणाली. लहान पोराला शिकवतात तसं. धाकटा तिच्याकडं बघत राहिला. मग हळूच वळून त्यानं आरशात बघितलं, आरशातल्या मोबाईलकडं बघितलं, मग मान फिरवून खऱ्या मोबाईलकडं. धड्यातला बाण ज्या बाजूला वळायचा, ती बाजू आरशात पलटी झालेली. डाव्याला उजवा आणि उजव्याला डावा, असंच तो पहिल्या दिवसापासून शिकला होता. मोबाईलमधल्या बाईशी बोलताना सासवा आणि गटारं निघाली, डावं-उजवं कधी निघालंच नाही.

तो बाकावर बसला आणि त्या दोघांना त्यांच्या भाषेत आरशाची गोष्ट सांगितली. पुरुषाला जरा हसू फुटलं. बाईला अजिबात नाही. तिनं चप्पल पायात घातली आणि दोघं पुढच्या गाडीला निघून गेली. या वेळी फळवाली त्यांना सोडायला गेली.

थोरल्यानं आपल्या गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकले. "झालं समाधान? पाहुण्यांना वीटभट्टी दाखवलीस. आता एक काहीतरी उचल. मोबाईल नाहीतर खुर्ची. आत्ता."

सगळ्या गल्लीसमोर एवढा पाणउतारा झालेला माणूस काय करेल? आम्हाला वाटलं मोबाईल खिशात घालेल, दोन दिवस गप्प बसेल, मग परत आपल्या बोलीत बडबड सुरू करेल. धाकट्यानं खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची दाढी आधी पुरी केली. तुरटी फिरवली, तोंड पुसलं. मग कपाटाखालून पाना काढला, जमिनीवर उताणा झाला आणि खुर्चीचे बोल्ट सोडवायला लागला.

"अरे, एवढ्या उलट्या भाषेसाठी?" थोरल्याचा आवाज चढला.

"उलटी आहे हे आज कळलं," खुर्चीखालून उत्तर आलं. "सुलटी करायला किती वेळ लागतो? तुला तर तेवढाही वेळ द्यायचा नाही."

"अरे, उपाशी मरशील."

"मरताना तुला कळेल अशा भाषेत सांगीन. काळजी करू नको."

खुर्ची फळवालीच्या हातगाडीवरून गेली. गाडी तिनंच आणून दिली, भाडं मागितलं नाही. घरी बायको दारात उभी. तिनं गाडीवरचं धूड बघितलं, नवऱ्याचं तोंड बघितलं.

"आणलीत? बरं झालं. सोफा घ्या म्हणून कधीची मागं लागले होते." मग आत वळता वळता, "केस तेवढे स्वयंपाकघरात येऊ देऊ नका."

रस्त्याकडच्या खोलीत खुर्ची बसली. आरसा नाही. काम झालं की बायकोचा हातातला छोटा आरसा द्यायचा, बघा आणि गुमान उठा. मोबाईल आता समोर, खिडकीच्या कठड्यावर. पहिल्या दिवशी फोन लागला आणि तिकडच्या बाईनं धाकट्याचं तोंड प्रथमच नीट बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "मला वाटलं होतं तू तरुण आहेस." अक्षरांचं तर विचारू नका. इतके दिवस उलटी वाचायची सवय, आता सुलटी समोर आल्यावर त्याला एक ओळ लागेना. तिच्या शिव्या खात त्यानं सगळी अक्षरं नव्यानं घोटली. डावं-उजवं आमच्या डोक्यांवर घोटलं. त्या भाषेत हुकूम सोडायचा, डोकं वळवायचं, परत हुकूम, परत वळवायचं. आमच्या माना दुखल्या, पण पक्कं झालं.

निम्मी गिऱ्हाईकं त्याच्याकडं आली, निम्मी गेली. कमाई पडली, हे खरं आहे. टारगट लोक मुद्दाम खिडकीतून विचारायचे, "ओ पोपट, बसस्टँड कुठं?" धाकटा दोन्ही हात पाठीमागं बांधून परदेशी भाषेत खणखणीत रस्ता सांगायचा. विचारणाऱ्याला कळायचं नाही. पण फोनवरची बाई म्हणायची, "बरोबर."

दोघा भावांचं बोलणं बंद होतं. पण एक अडचण होती. बापामागं थोरल्याच्या डोक्याला धाकट्याशिवाय कुणी हात लावलेला नव्हता आणि पुढच्या चौकातल्या दुकानात जाऊन बसणं म्हणजे सगळ्या गल्लीत तोंड काळं. केस कानावर आले, कानाखाली आले. त्यात सासुरवाडीला कार्यक्रम निघाला. एका दुपारी थोरला आला आणि खुर्चीत बसला. धाकट्यानं कापड बांधलं.

खिडकीत फोन चालू होता.

"तो बंद कर," थोरला म्हणाला.

"नाही."

कात्री सुरू झाली. एक बाजू झाली. तिकडची बाई काहीतरी बोलली आणि खो खो हसली. थोरला ताडकन उठला, गळ्यातल्या कापडासकट. "मला हसते! मी चाललो."

"जा," धाकटा म्हणाला.

धाकट्याच्या बायकोनं आतून येऊन थोरल्या दिराच्या हातात छोटा आरसा दिला आणि परत गेली. त्यानं बघितलं. एक कान उघडा, दुसरा जंगलात. खिडकीबाहेर फळवाली, पोस्टातला कारकून, आम्ही सगळे. थोरला परत खुर्चीत बसला.

दुसरा कान उघडा व्हायला लागला तसा हळूच म्हणाला, "काय सांगतोस तिला माझ्याबद्दल?"

"माझा थोरला भाऊ आहे म्हटलं."

"आणि?"

"आणि यानं मला दुकानातून हाकललं म्हटलं."

"मग? ती काय म्हणाली?" थोरल्यानं मान वळवली.

धाकट्यानं त्याचं डोकं धरून जागेवर आणलं. "हलू नको दादा, कान जाईल."